पदवीची अट म्हणून परदेश: एका सक्तीचा प्रतिवाद

महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी हाती पडण्यापूर्वी काही काळ परदेशात जाऊन शिकलेच पाहिजे, आणि तो गेला नाही तर बाकी सर्व परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्याची पदवी अपूर्ण मानली जावी, अशी भूमिका घेणारा एक विचारप्रवाह गेल्या वीस वर्षांत उच्चशिक्षणाच्या जगात स्थिरावला आहे. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील गाउचर महाविद्यालयाने २००६ मध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून ही अट पदवीपूर्व वर्गातील सर्वांना लागू केली आणि तिच्यासोबत प्रत्येक विद्यार्थ्याला १,२०० डॉलरचे व्हाउचर देऊ केले. जपानमध्ये २००४ साली स्थापन झालेल्या अकिता आंतरराष्ट्रीय विद्यापीठाने एक वर्षाचे परदेशी अध्ययन पदवीचा अनिवार्य भाग केले, आणि चिबा या मोठ्या राष्ट्रीय विद्यापीठाने २०२० पासून सर्व शाखांतील नव्या विद्यार्थ्यांना परदेशी जाणे बंधनकारक केले. परदेशी अध्ययन ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे: विद्यार्थी आपल्या मूळ संस्थेचाच विद्यार्थी राहतो, काही आठवड्यांपासून एका वर्षापर्यंतचा काळ दुसऱ्या देशात शिकतो, आणि तेथे मिळवलेले श्रेयांक, म्हणजे अभ्यासाच्या भाराची अधिकृत मोजणी, मूळ पदवीत धरले जातात. संपूर्ण पदवीसाठीच देश सोडून जाणाऱ्या लाखो भारतीय विद्यार्थ्यांचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे आणि तो या चर्चेत मिसळला की गोंधळ होतो.

सक्तीची बाजू दुबळ्या स्वरूपात मांडून तिचा पाडाव करणे सोपे असले तरी अप्रामाणिक ठरेल, कारण तिच्या समर्थकांचा सर्वांत सबळ युक्तिवाद नैतिक आहे आणि तो समतेच्या भाषेत केला जातो. त्यांचे म्हणणे असे की परदेशी अध्ययन ऐच्छिक ठेवले की सधन, सुशिक्षित आणि प्रवासाला सरावलेल्या घरांतील मुलेच त्याचा लाभ घेतात, आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे ते मागे राहतात. अमेरिकेतील आकडे या निरीक्षणाला दुजोरा देतात. इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन ही संस्था दरवर्षी जी पाहणी प्रसिद्ध करते, तिच्यानुसार २०१८–१९ या वर्षात परदेशी अध्ययनाला गेलेल्या ३,४७,०९९ अमेरिकी विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६९ टक्के श्वेतवर्णीय होते आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास होते, जे त्यांच्या एकूण पटसंख्येतील वाट्याच्या निम्मेच भरते. समर्थकांच्या मते ही दरी केवळ प्रोत्साहनाने बुजत नाही. सिनेटर पॉल सायमन यांच्या प्रेरणेतून नेमल्या गेलेल्या लिंकन आयोगाने २००५ च्या अहवालात दहा वर्षांत दरवर्षी दहा लाख अमेरिकी विद्यार्थी परदेशी पाठवण्याचे उद्दिष्ट ठेवले, पण २०१६–१७ साली प्रत्यक्षात ३,३२,७२७ विद्यार्थीच गेले. ऐच्छिकतेचा प्रयोग झाला आणि तो अपुरा पडला, आता नियमच हवा, कारण नियम झाला की संस्थेला सर्वांची सोय करावीच लागेल, असा या युक्तिवादाचा शेवट होतो.

या युक्तिवादातील निदान बरोबर आहे, परंतु त्यावरचा उपाय त्या निदानातून निघत नाही. एखादी संधी विषमपणे वाटली जाते याचा अर्थ ती घेण्याच्या मार्गात अडथळे आहेत असा होतो. अडथळे तसेच ठेवून संधीचे रूपांतर अटीत केले, तर अडथळा ओलांडू न शकणारा विद्यार्थी जो पूर्वी केवळ एका संधीला मुकत होता, तो आता पदवीलाच मुकतो. यावर अट लादणारी संस्था अडथळे दूर करील असे उत्तर दिले जाते, आणि त्याची तपासणी प्रत्यक्ष व्यवहारात करता येते. गाउचरचे १,२०० डॉलरचे व्हाउचर ही सदिच्छेची खूण होती यात शंका नाही, पण अमेरिकेतून अटलांटिकपार जाण्यायेण्याचे भाडे, पारपत्र, व्हिसा, विमा आणि तेथील राहणीचा खर्च यांपुढे ती रक्कम प्रारंभीच्या हप्त्याएवढीच ठरते. चिबा विद्यापीठाचा मार्ग अधिक बोलका आहे. जपानमधील राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाणित वार्षिक शुल्क ५,३५,८०० येन असताना, चिबाने सर्वांच्या परदेशी अध्ययनाची योजना राबवताना २०२० पासून ते ६,४२,९६० येन केले, म्हणजे नियमांनी मुभा दिलेली वीस टक्क्यांची कमाल वाढ संपूर्णपणे वापरली. सक्ती झाली की संस्था खर्च उचलते, या गृहीतकाचे येथे जे झाले ते असे की खर्च शुल्कात विरघळला आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी पोहोचला. ज्याला जायचे नव्हते त्याच्याही आणि ज्याच्या पालकांना मूळ शुल्कच जड होते त्याच्याही.

याहून खोल परिणाम प्रवेशद्वाराशी होतो आणि तो आकडेवारीत दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. ज्या महाविद्यालयात परदेशी जाणे अनिवार्य आहे, त्याचे माहितीपत्रक वाचताना ज्या घरी एकही पारपत्र नाही तेथील मुलगी काय विचार करील, हे कळायला सर्वेक्षणाची गरज नाही. ती अर्जच करणार नाही. मग त्या महाविद्यालयातील शंभर टक्के विद्यार्थी परदेशी जातात, वर्गनिहाय आणि वर्णनिहाय दरी आतल्या आकड्यांत नाहीशी होते, आणि संस्था समतेचे उदाहरण म्हणून उभी राहते. प्रत्यक्षात विषमता मिटलेली नसते, ती महाविद्यालयाच्या आतून बाहेर ढकलली गेलेली असते. ऐच्छिक व्यवस्थेत ती निदान मोजता येते, आणि जे मोजता येते त्याविरुद्ध भांडता येते.

न जाऊ शकणाऱ्यांची यादी समर्थक समजतात तितकी लहान नाही. अमेरिकेतील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे स्थानिक पातळीवरच्या स्वस्त दोनवर्षीय महाविद्यालयांत शिकतात, आणि त्यांतील मोठा वर्ग नोकरी सांभाळून, कित्येकदा मुले सांभाळून शिकतो. ज्याच्या पगारावर घराचे भाडे भागते त्याला चार महिने नोकरी सोडून जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली तरी ती त्याच्या विमानाची सोय करते, मागे राहिलेल्या घराची करीत नाही. लहानपणी आईवडिलांबरोबर कागदपत्रांविना अमेरिकेत आलेल्या तरुणांची स्थिती तर आणखी कठीण आहे, कारण देश सोडला तर परत येण्याचा हक्कच त्यांच्यापाशी नसतो. २०१२ च्या योजनेखाली ज्यांना तात्पुरते संरक्षण मिळाले त्यांनाही परदेशप्रवासासाठी आगाऊ परवानगी लागत असे, आणि २०१७ मध्ये ती योजना गुंडाळण्याचा निर्णय झाला तेव्हा अशा परवानग्यांचे नवे अर्ज स्वीकारणेही थांबले. वृद्ध आजीची सेवा करणारी नात, दर आठवड्याला डायलिसिस घेणारा विद्यार्थी, चाकाच्या खुर्चीवरून जुन्या युरोपीय शहरांच्या दगडी पायऱ्या चढू न शकणारी विद्यार्थिनी, या सर्वांसाठी सूट ठेवता येईल असे म्हटले जाते. परंतु सूट मागण्यासाठी आपले दारिद्र्य, आजार किंवा नागरिकत्वाचा पेच एखाद्या समितीसमोर मांडावा लागतो, आणि ज्याने तो मांडला नाही त्याला पदवी नाही. ज्या व्यवस्थेत जाणे ऐच्छिक आहे तेथे न जाण्याचे कारण कोणालाही द्यावे लागत नाही. विद्यार्थ्याच्या खासगी आयुष्याला ही जी शांत प्रतिष्ठा लाभते, ती समतेच्या नावाने काढून घेणे हा छोटा प्रश्न नाही.

सक्तीच्या बाजूने दुसरा जो पुरावा दिला जातो तो संशोधनाचा. जॉर्जिया राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेने २००० पासून केलेल्या मोठ्या अभ्यासात परदेशी जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण न गेलेल्या तुल्य विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आढळले, आणि त्यावरून सर्वांना पाठवल्यास सर्वांचे प्रमाण वाढेल असे अनुमान काढले जाते. हे अनुमान स्व-निवडीच्या दोषावर अडखळते. ज्यांनी स्वतःहून एखादी गोष्ट निवडली त्यांच्यात ती निवडण्यापूर्वीच काही गुण असतात, आणि नंतर दिसणारे यश त्या गोष्टीमुळे आले की आधीच्या गुणांमुळे, हे वेगळे करता येत नाही. स्व-निवडीचा दोष म्हणजे हेच. जॉर्जियाच्या संशोधकांनी तुलनेसाठी गुण आणि पार्श्वभूमी जुळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, परंतु इच्छा जुळवता येत नाही. एक वर्ष आधी बेत आखणे, अर्ज करणे, शिष्यवृत्ती शोधणे, घरच्यांना पटवणे आणि अनोळखी ठिकाणी एकटे राहण्याची तयारी ठेवणे हे सारे करणारा विद्यार्थी पदवीही वेळेवर पूर्ण करतो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. स्वेच्छेने गेलेल्यांच्या अनुभवावरून सक्तीने पाठवलेल्यांच्या अनुभवाविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे ज्या लोकसंख्येची पाहणीच झालेली नाही तिच्याविषयी बोलणे होय.

याच क्षेत्रातील आणखी एक अभ्यास सक्तीच्या समर्थकांना जास्त अडचणीत टाकतो, आणि त्याचा उल्लेख त्यांच्या लेखनात कमी आढळतो याची खंत वाटते. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६१ कार्यक्रमांतील सुमारे १,३०० विद्यार्थ्यांची आंतरसांस्कृतिक समज परदेशी जाण्यापूर्वी आणि नंतर मोजली गेली. दुसऱ्या संस्कृतीतील माणसांचे वागणे त्यांच्या संदर्भचौकटीत समजून घेऊन आपले वागणे त्यानुसार बदलण्याची क्षमता, असा या समजेचा अर्थ आहे. केवळ परदेशात असण्याने ती फारशी वाढत नाही. विद्यार्थ्यांना तेथे एक मार्गदर्शक वारंवार भेटत असेल आणि त्यांच्या अनुभवांवर त्यांच्याशी चर्चा करीत असेल, तेथे ती वाढते, असे त्यातून दिसले. या निष्कर्षाचा सरळ अर्थ असा की शिकवणारी गोष्ट अंतर नाही, शिक्षक आहे. मग जी संस्था आपल्या विद्यार्थ्याला परदेशी जाण्याची सक्ती करते पण तेथे त्याच्याशी बोलायला कोणाला पाठवत नाही, ती शिक्षणाची अट पुरी करीत नाही, प्रवासाची करते.

सक्ती आणि गुणवत्ता यांचे नाते येथेच तुटते, कारण सर्वांना पाठवण्याचे बंधन आले की संस्था अपरिहार्यपणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आखूड स्वरूपाकडे वळते. १९२३ साली डेलावेअर विद्यापीठातील रेमंड कर्कब्राइड यांनी आठ विद्यार्थ्यांना घेऊन अमेरिकेतील पहिला परदेशी अध्ययनाचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा ते आठजण प्रथम नॅन्सी शहरात फ्रेंच पक्की करीत राहिले आणि मग पॅरिसमध्ये सॉर्बोनच्या वर्गात बसले, संपूर्ण वर्षभर. आज अमेरिकेतून जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश उन्हाळ्यात किंवा आठ आठवड्यांहून कमी काळासाठी जातात, पूर्ण वर्ष राहणारे शंभरात दोन-तीनच उरतात, आणि निम्म्याहून अधिक जण युरोपातच जातात. अनेकदा हे विद्यार्थी आपल्याच प्राध्यापकाबरोबर, आपल्याच वर्गमित्रांच्या गटात, इंग्रजीतून शिकत हिंडतात. अशा सहलीत काहीच शिकता येत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल; एखादा वास्तुकलेचा विद्यार्थी तीन आठवड्यांत फ्लॉरेन्समध्ये जे पाहील ते पुस्तकातून दिसणार नाही. परंतु ज्या परिवर्तनाच्या नावाने सक्तीचे समर्थन केले जाते, म्हणजे जागतिक नागरिकत्व, परभाषेत विचार करण्याची सवय, स्वतःच्या समाजाकडे परक्या नजरेने पाहण्याची ताकद, ते तीन आठवड्यांत घडत नाही, आणि तसे घडल्याचे पदवीपत्रावर नोंदवणे ही विद्यार्थ्याची फसवणूक आहे.

परभाषेच्या बाबतीत तर विसंगती ढळढळीत आहे. अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीनुसार इंग्रजीखेरीज अन्य भाषांच्या महाविद्यालयीन वर्गांतील पटसंख्या २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत १६.६ टक्क्यांनी घसरली. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ मध्ये जागतिक भाषांचा स्वतंत्र विभागच बंद करण्याचा निर्णय घेतला. गाउचरनेही २०१८ मध्ये गणित, भौतिकशास्त्र, संगीत अशा अनेक विषयांबरोबर रशियन अभ्यासाचा मुख्य विषय म्हणून असलेला कार्यक्रम टप्प्याटप्प्याने संपवण्याचे जाहीर केले. त्या निर्णयामागे आर्थिक कारणे आणि अल्प पटसंख्या होती आणि परदेशी अध्ययनाच्या अटीमुळे तो झाला असे म्हणता येणार नाही. परंतु प्रत्येक विद्यार्थ्याला देशाबाहेर जाणे बंधनकारक आणि एका मोठ्या देशाची भाषा, साहित्य व इतिहास यांचे सखोल अध्ययन मात्र परवडत नाही, ही प्राधान्यांची मांडणी उलटी आहे आणि तिच्याविषयी सक्तीच्या समर्थकांनी गांभीर्याने उत्तर द्यायला हवे. सॅनफर्ड उंगर, ज्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात गाउचरमध्ये ही अट आली, त्यांनी २०१६ साली ‘फॉरेन अफेअर्स’ नियतकालिकात परदेशी अध्ययन हा अमेरिकी अज्ञानावरचा उपाय म्हणून मांडला. अज्ञानाविषयीची त्यांची काळजी रास्त आहे. पण एखाद्या समाजाविषयीचे अज्ञान त्या समाजात चार आठवडे राहण्यापेक्षा त्याची भाषा चार वर्षे शिकल्याने अधिक खात्रीने दूर होते, आणि भाषा शिकण्याची सक्ती कोणाच्याही घराचा पगार बंद पाडत नाही.

सक्ती जेथे खरोखर चांगली चालली आहे त्या ठिकाणांकडे आता पाहायला हवे, कारण प्रतिपक्षाचे सर्वांत मजबूत आधार तेथेच आहेत. कॅलिफोर्नियातील सोका विद्यापीठ २००१ मध्ये सुरू झाले, तेथे तिसऱ्या वर्षी सर्वजण एक सत्र परदेशी जातात, त्याचा खर्च शिक्षणशुल्कातच धरलेला असतो, आणि जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी त्या देशाची भाषा दोन वर्षे शिकलेली असते. हा कार्यक्रम अनुकरणीय आहे. तो साध्य होतो याचे कारण मात्र त्याच्या सक्तीत नाही. विद्यापीठात एकूण विद्यार्थीच चारशेच्या आसपास आहेत आणि त्यांच्यामागे फार मोठा राखीव निधी उभा आहे. लक्झेंबर्गचे विद्यापीठ पदवीच्या विद्यार्थ्यांना एक सत्र परदेशी घालवायला लावते, आणि तेथेही ते जमते, कारण २००३ मध्ये हे विद्यापीठ स्थापन होईपर्यंत त्या देशातील तरुण उच्चशिक्षणासाठी शेजारी देशांतच जात असत, शाळेतच ते लक्झेंबर्गी, जर्मन आणि फ्रेंच या तीन भाषांत वाढतात, रेल्वेने तासाभरातच दुसरा देश लागतो, व्हिसा लागत नाही आणि इरॅस्मस या युरोपीय योजनेची शिष्यवृत्ती उपलब्ध असते. याच इरॅस्मस योजनेचे उदाहरण मोठ्या पातळीवर पाहिले तर सक्तीची गरज नसल्याचेच दिसते. १९८७ मध्ये ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांपासून ती सुरू झाली आणि कोणावरही बंधन न घालता, केवळ शिष्यवृत्ती, श्रेयांकांची परस्पर मान्यता आणि यजमान विद्यापीठात शुल्कमाफी या तीन पायांवर ती जगातील सर्वांत मोठी विद्यार्थी-विनिमय योजना बनली. युरोपने २०२० पर्यंत वीस टक्के पदवीधरांचे जे उद्दिष्ट ठेवले होते ते पुरे गाठता आले नाही हे खरे; तरीही पुढचे, २०३० पर्यंत २३ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरवताना युरोपीय संघाने ते सदस्य देशांनी गाठायचे लक्ष्य म्हणून लिहिले, विद्यार्थ्यांवर अट म्हणून लादले नाही.

परदेशी अध्ययनाला गणित किंवा संख्याशास्त्रासारखे अनिवार्य विषयांच्या पंक्तीत बसवणारा एक युक्तिवाद वारंवार होतो: विद्यापीठ विद्यार्थ्याला न आवडणारे विषयही घ्यायला लावते, मग याच विषयाची सक्ती अन्याय्य कशी? फरक असा की संख्याशास्त्राचा वर्ग विद्यापीठाच्या ताब्यात असतो. शिक्षक, खोली, वेळ, परीक्षा या सर्वांची जबाबदारी संस्थेची असते आणि विद्यार्थ्याकडून फक्त प्रयत्न अपेक्षित असतात. परदेशी सत्राची पूर्तता मात्र तिसऱ्याच सत्तेच्या हाती जाते. दूतावासातील अधिकारी व्हिसा नाकारू शकतो, यजमान देशात अशांतता उसळू शकते, विनिमयदर कोसळू शकतो, आणि यांतले काहीच विद्यार्थ्याच्या किंवा संस्थेच्या नियंत्रणात नसते. अमेरिकी किंवा जपानी पारपत्रधारकाला ही अडचण विरळा येते म्हणून त्या देशांतील चर्चेत ती दुय्यम ठरते. भारतीय पारपत्रावर व्हिसासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याला ती सर्वांत आधी आठवेल. करोनाच्या साथीने हे अवलंबित्व उघडे केले. २०२०–२१ मध्ये अमेरिकेतून परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांची संख्या १४,५४९ वर आली, आणि चिबामध्ये सर्वांच्या परदेशी अध्ययनाची पहिली तुकडी प्रवेश घेत असतानाच सीमा बंद झाल्याने परदेशी विद्यापीठांचे ऑनलाइन वर्ग हा मार्ग स्वीकारावा लागला. विद्यार्थ्यांच्या हितासाठी तसे करणे योग्यच होते. पण जी अट घरबसल्या संगणकावर पुरी झाल्याचे मानता येते, तिचा गाभा परदेशवास नव्हता. आणि गाभा जर परदेशातील विचार, व्याख्याने आणि माणसे यांच्याशी संपर्क हा असेल, तर तो संपर्क विद्यापीठाला आपल्या आवारातही घडवता येतो. माल्मो विद्यापीठातील बेंग्ट निल्सन यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्वगृही आंतरराष्ट्रीयीकरण ही कल्पना याच जाणिवेतून मांडली: बहुसंख्य विद्यार्थी कधीच परदेशी जाणार नाहीत हे मान्य करून, त्यांच्या अभ्यासक्रमात, वर्गात आणि शहरातील स्थलांतरित समाजांशी असलेल्या संबंधात जग आणणे, असा तिचा अर्थ आहे.

मराठी वाचकाला या वादात बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि कोलंबिया विद्यापीठाने त्यांच्या घडणीत जो भाग उचलला त्याचा दाखला परदेशी अध्ययनाच्या महत्त्वासाठी दिला जातो तो योग्यच आहे. मात्र तो दाखला सक्तीच्या बाजूने वापरता येत नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तिच्याबदली दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला, आणि १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला गेले ते तेथील ग्रंथालयांत आणि सेलिग्मन, ड्यूई यांच्या वर्गांत बुडून गेले. १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले, आणि १९२० मध्ये सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून केलेली बचत, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर ते पुन्हा गेले. या सर्व प्रवासात जे निर्णायक ठरले ते विद्यार्थ्याची असामान्य ज्ञानतृष्णा, वर्षानुवर्षांचा अवधी आणि पैसे देणारा कोणी. आणि जेथे व्यवस्था उणी पडली ती अट नसल्यामुळे नाही, पैसा संपल्यामुळे. पंडिता रमाबाईंनी १८८६ पासून जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत काढली, तेथील बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली आणि १८८९ मध्ये त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले, तेही याच कारणाने की त्या आपले प्रश्न बरोबर घेऊन गेल्या होत्या. मायदेशी विधवांसाठी शाळा काढायची आहे, हे ठरवून गेलेली स्त्री अमेरिकेतील स्त्रियांच्या संघटना ज्या नजरेने पाहते ती नजर कोणत्याही अनिवार्य सत्रात शिकवता येत नाही.

या सर्व विवेचनातून परदेशी अध्ययन कमी व्हावे असा निष्कर्ष काढला गेला तर तो विपर्यास होईल. ते वाढायला हवे, आणि त्यासाठी बंधनही हवे, पण ते विद्यार्थ्यावर न घालता संस्थेवर आणि शासनावर घालायला हवे. ज्या विद्यार्थ्याला जायचे आहे त्याला पैशाअभावी, श्रेयांक मान्य न झाल्याने किंवा एक सत्र वाया जाईल या भीतीने राहावे लागू नये, ही जबाबदारी विद्यापीठाने लेखी स्वीकारावी आणि तिचा हिशेब दरवर्षी वर्गनिहाय जाहीर करावा. अमेरिकेत या दिशेने काही पावले पडलेलीच आहेत. गिलमन शिष्यवृत्ती, जी २००० सालच्या कायद्याने स्थापन झाली, ती केवळ पेल अनुदान म्हणजे अल्प उत्पन्न गटासाठीचे संघराज्याचे साहाय्य मिळणाऱ्या विद्यार्थ्यांनाच दिली जाते, आणि म्हणूनच तिच्या लाभार्थींमध्ये अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण परदेशी जाणाऱ्यांच्या सर्वसाधारण सरासरीपेक्षा बरेच जास्त असते. समर्थक ज्या दरीबद्दल बोलतात ती बुजवण्याचा हा सिद्ध मार्ग आहे, आणि त्यात कोणाचीही पदवी रोखावी लागत नाही. सक्ती करायचीच असेल तर ती परभाषेची करावी, एका अन्य समाजाच्या इतिहासाच्या गंभीर अध्ययनाची करावी, कारण ती प्रत्येकाला आपल्या गावी राहून पुरी करता येते आणि पुढे जो परदेशी जाईल त्याच्या डोळ्यांना पाहण्यासारखे काही देते.

अशी सगळी सोय केल्यानंतरही काही विद्यार्थी जाणार नाहीत, असा शेवटचा आक्षेप उरतो, आणि सक्तीच्या समर्थकांना तो पराभव वाटतो. प्रौढ वयाच्या माणसाने खर्च, वेळ आणि आपल्या जबाबदाऱ्या तोलून घेतलेला तो निर्णय आहे, आणि उच्चशिक्षण ज्या स्वतंत्र बुद्धीची जोपासना करण्याचा दावा करते तिला हा निर्णय घेऊ देण्यात विसंगत काही नाही. भारतात या प्रश्नाला आजच महत्त्व आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय व परदेशी संस्थांच्या जोड कार्यक्रमांना मुभा दिली, त्यांतील एका प्रकारात विद्यार्थ्याला एकूण श्रेयांकांपैकी ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळवता येतात, आणि ही मुभा मुभाच राहिली आहे हे योग्य आहे. पण खासगी विद्यापीठे परदेशी सत्राला आपल्या अभ्यासक्रमाचा भाग करू लागली की अमेरिकेतील आणि जपानमधील वाद येथे अधिक कठोर स्वरूपात उभा राहील, कारण येथील कुटुंबाचे उत्पन्न रुपयांत आहे आणि सत्राचा खर्च डॉलर-युरोत. म्हणून जी संस्था परदेशी सत्र पदवीत बसवील तिने त्याचा खर्च मूळ शुल्कापासून वेगळा दाखवावा, न जाणाऱ्याला त्याच पदवीचा तेवढ्याच श्रेयांकांचा दुसरा मार्ग द्यावा, आणि जाणाऱ्याला निघण्यापूर्वी त्या देशाची भाषा शिकवावी, एवढ्या तीन गोष्टी नियमात स्पष्टपणे लिहिल्या जाव्यात. आणि त्या तशा कार्यक्रमांची जाहिरात सुरू होण्यापूर्वीच लिहिल्या जाव्यात.